गाजरगवत : पार्थेनियम प्रजातीची ओळख, प्रसार व नियंत्रण (जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : पार्थेनियम, गाजरगवत, सूर्यफूल कुल, आगंतुक तण, मेक्सिकन भुंगा, जालना जिल्हा.

१. प्रस्तावना :

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस उलटले की जालना जिल्ह्यातील शेतांचे बांध, रस्त्यांच्या कडा, लोहमार्गालगतची मोकळी जागा, गावठाणातील उकिरडे आणि शाळा-महाविद्यालयांची आवारे यांवर गाजराच्या पाल्याची आठवण करून देणारी रोपे दिसू लागतात. श्रावण लागेपर्यंत त्यांवर बारीक पांढरी फुले येतात. हीच वनस्पती गाजरगवत, काँग्रेस गवत, पांढरफुली किंवा चटकचांदणी या नावांनी ओळखली जाते. नावात गवत असले तरी ती गवत नाही. सूर्यफूल, करडई, कारळ आणि झेंडू यांच्या कुलातील ती एक सपुष्प वनस्पती आहे.

गाजरगवताच्या निर्मूलनासाठी दरवर्षी मोहिमा निघतात, विद्यार्थी श्रमदान करतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. आणि पुढील वर्षी त्याच जागी तितकेच गाजरगवत उभे असते. श्रम होऊनही फळ का मिळत नाही, हा प्रश्न शास्त्रीय आहे. त्याचे उत्तर या वनस्पतीच्या जीवनक्रमात दडलेले आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :

(१) पार्थेनियम प्रजातीची वनस्पतिशास्त्रीय ओळख करून देणे. (२) या तणाच्या भारतातील आगमनाविषयी प्रचलित असलेल्या समजांची तपासणी करणे. (३) जालना जिल्ह्यातील शेती व आरोग्य यांवरील परिणाम स्पष्ट करणे. (४) नियंत्रणाच्या उपलब्ध मार्गांचे मूल्यमापन करून महाविद्यालयांच्या भूमिकेचा विचार करणे. प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप विवेचनात्मक आहे.

३. प्रजातीची ओळख :

पार्थेनियम ही ॲस्टरेसी (जुने नाव काँपॉझिटी) कुलातील प्रजाती होय. तिच्यात सुमारे सोळा जातींचा समावेश होतो व त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. यांतील सर्वच जाती उपद्रवी नाहीत. मेक्सिको व टेक्सासच्या कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या पार्थेनियम अर्जेंटॅटम या झुडपापासून रबर मिळते. त्यास ग्वायूल असे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्यानंतर अमेरिकेने १९४२ पासून ग्वायूलच्या लागवडीची मोठी योजना हाती घेतली होती. म्हणजे एकाच प्रजातीतील एक जाती उद्योगाला उपकारक, तर दुसरी शेतीला व आरोग्याला अपायकारक ठरली आहे.

ही दुसरी जाती म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचे नामकरण केले. जातिनामातील ग्रीक शब्दांचा अर्थ 'गर्भाशय धारण करणारी' असा होतो. तिची बीजनिर्मिती पाहता हे नाव सार्थ वाटते.

ही वर्षायू वनस्पती साधारणतः अर्धा ते दीड मीटर, पोषक जमिनीत दोन मीटरपर्यंत वाढते. सुरुवातीस तिची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. या अवस्थेत ती शेजारच्या लहान रोपांना सावलीत घेते. नंतर मधून खोड वर येते व त्यास अनेक फांद्या फुटतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक पुष्पकांचे बनलेले स्तबक असते. त्याचा व्यास जेमतेम चार मिलिमीटर असतो. कडेला पाच स्त्री-पुष्पके असतात व बी केवळ त्यांपासूनच तयार होते. मधली सुमारे चाळीस पुष्पके फक्त पराग निर्माण करतात. एका स्तबकात पाचच बिया, परंतु एका झाडावर हजारो स्तबके, असा हा हिशेब आहे. त्यामुळे एका पूर्ण वाढलेल्या झाडापासून १५ ते २५ हजार बिया तयार होऊ शकतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

४. नाव आणि आगमन :

'गाजरगवत' हे नाव पानांच्या आकारावरून पडले, हे उघड आहे. 'काँग्रेस गवत' या नावाच्या दोन उपपत्ती सांगितल्या जातात. पांढऱ्या फुलांचे पांढऱ्या टोपीशी असलेले साम्य ही एक. अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या पी. एल. ४८० या कायद्यान्वये आलेल्या गव्हातून हे तण भारतात आले, ही दुसरी. दुसरी उपपत्ती इतकी रूढ आहे की पाठ्यपुस्तकांतूनही ती निर्विवाद सत्य म्हणून दिली जाते. म्हणून तिची कालक्रमाच्या आधारे तपासणी करणे आवश्यक आहे.

भारतातील या तणाची सर्वपरिचित नोंद पुण्याची आहे. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये ही वनस्पती भारतासाठी नवीन असल्याचे प्रसिद्ध केले. त्याआधी १९५१ मध्ये प्रा. परांजपे यांना पुण्यातील कचऱ्याच्या ढिगांवर तिची तुरळक झाडे आढळली होती. पी. एल. ४८० हा कायदा १९५४ मध्ये संमत झाला आणि त्यानुसार भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. म्हणजे करारापूर्वीच हे तण पुण्यात उगवलेले होते. शिवाय एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिविषयक नोंदींतही भारतातील या वनस्पतीचा उल्लेख सापडतो, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आयात धान्याचा या तणाच्या प्रसाराशी संबंधच नव्हता, असा याचा अर्थ नाही. १९५१ मध्येही भारताने अमेरिकेकडून मोठ्या प्रमाणावर गहू घेतला होता आणि धान्याबरोबर तणाचे बी येणे अगदी शक्य आहे. परंतु एका कायद्याकडे व एका जहाजाकडे बोट दाखवून हा इतिहास पूर्ण होत नाही.

या तपासणीला व्यावहारिक महत्त्व आहे. तण परकीयांनी आणले, ही कथा सांगितली की त्याच्या आजच्या प्रसाराची जबाबदारी कोणावरच राहत नाही. प्रत्यक्षात पुण्यातील काही झाडांपासून पुढील काही दशकांत ते देशभर पोहोचले ते देशांतर्गत वाहतुकीमुळे. आज देशात सुमारे ३.५ कोटी हेक्टर क्षेत्र या तणाने व्यापले असल्याचा अंदाज तणतज्ज्ञांनी मांडलेला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९६० च्या सुमारास ते अमेरिकेतून आणलेल्या गवताच्या बियाण्यात मिसळून पोहोचले. प्रवासाचे साधन देशोदेशी वेगळे असले तरी वाहक सर्वत्र माणूसच होता.

५. जालना जिल्हा आणि प्रसाराची अनुकूलता :

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी हे आठ तालुके आहेत. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. दुधना, पूर्णा व कुंडलिका या अन्य नद्या होत. कापूस, सोयाबीन, तूर, मका, ज्वारी ही येथील पिके आणि मोसंबी ही येथील फळबागांची ओळख. जालना शहर बियाणे उद्योगासाठी व लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे.

या वर्णनात गाजरगवताला हवे असलेले सर्व काही आहे. त्याचे बी अतिशय लहान व हलके असते. ते वाऱ्याने थोड्या अंतरावर, तर पाण्याच्या प्रवाहाबरोबर आणि गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून दूरवर जाते. वाळू, मुरूम, शेणखत व चारा यांची वाहतूक हे त्याचे मोठे माध्यम आहे. लोहमार्ग, मालमोटारींची सततची ये-जा, तसेच ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा खुला झालेला व जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग यांच्या कडेची उकरलेली, झाडोरा नसलेली माती त्यास रुजण्यास आयती मिळते.

दुसरे कारण पाण्याशी निगडित आहे. हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या. बाग वाळली किंवा पेरणी हुकली की जमीन उघडी पडते, आणि उघडी जमीन ही या तणाची पहिली पसंती असते. त्याच्या उगवणीस दिवसाच्या लांबीचे बंधन नाही. पुरेसा ओलावा मिळताच ते वर्षातील कोणत्याही महिन्यात उगवते. म्हणूनच उन्हाळ्यात सर्व वनस्पती सुकलेल्या असताना सांडपाण्याच्या नालीकाठी गाजरगवत मात्र हिरवे दिसते. मातीत खोल गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते व नांगरटीने वर येताच रुजते.

६. शेतीवरील परिणाम :

गाजरगवत अन्य तणांप्रमाणे पिकाचे पाणी, अन्नद्रव्ये व प्रकाश यांत वाटा घेते. त्याशिवाय त्याच्या मुळांतून व कुजलेल्या पानांतून पार्थेनिन हे द्रव्य आणि कॅफिक, फेरुलिक, व्हॅनिलिक यांसारखी आम्ले मातीत मिसळतात. ही द्रव्ये शेजारच्या वनस्पतींची उगवण व वाढ रोखतात. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींच्या निर्मितीवरही त्यांचा प्रतिकूल परिणाम होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. तुरीसारख्या पिकावर अवलंबून असलेल्या आणि बदनापूर येथे तुरीवर संशोधन करणारे केंद्र असलेल्या जिल्ह्याने या बाबीची विशेष नोंद घेणे आवश्यक आहे.

दुसरा परिणाम अप्रत्यक्ष परंतु अधिक गंभीर आहे. गाजरगवत हे पिकांच्या शत्रूंचे आश्रयस्थान आहे. १९९७ नंतर दक्षिण भारतातील सूर्यफुलावर आणि २००० मध्ये आंध्र प्रदेशातील भुईमुगावर ज्या विषाणूमुळे मोठे नुकसान झाले, तो तंबाखूवरील रेषा विषाणू गाजरगवतात कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. त्याचे दूषित परागकण फुलकिड्यांच्या अंगावरून पिकांवर जातात आणि फुलकिड्यांनी केलेल्या जखमांतून विषाणूचा शिरकाव होतो. कापूस व मूग या पिकांवरही हा विषाणू आढळला आहे. त्याचप्रमाणे २००५ ते २००८ या काळात देशाच्या कापूस पट्ट्यात ज्या पिठ्या ढेकणाने थैमान घातले, त्याचेही गाजरगवत हे प्रमुख पर्यायी खाद्य होते. कपाशी उपटल्यानंतरचे महिने ही कीड बांधावरील गाजरगवतावर काढत असे. कपाशीवर हजारो रुपयांची फवारणी करणारा शेतकरी बांधाकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा किडीचे पुढील वर्षाचे बियाणेच तो राखून ठेवत असतो.

जनावरे हे तण त्याच्या कडवटपणामुळे सहसा खात नाहीत. तथापि चाराटंचाईच्या काळात ते चाऱ्यात मिसळून पोटात गेल्यास दुधास कडवट चव येते व अधिक प्रमाणात गेल्यास विषबाधा होऊ शकते.

७. मानवी आरोग्यावरील परिणाम :

पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये गाजरगवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा विकार भारतीय त्वचारोगशास्त्रातील महत्त्वाचा विषय बनला आहे. झाडावरील सूक्ष्म केसांत असलेले पार्थेनिन त्वचेच्या वारंवार संपर्कात आल्यास शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याविरुद्ध सज्ज होते. त्यानंतर अल्पसा संपर्कही पुरेसा ठरतो. वाळलेल्या झाडाची हवेत उडालेली धूळदेखील पापण्या, चेहरा, मान व कोपराच्या आतील भाग येथे खाज, लाली व कालांतराने त्वचेचा जाडपणा निर्माण करते. काही रुग्णांत पुढे सूर्यप्रकाशही सहन होईनासा होतो. परागकणांमुळे शिंका, नाकातून पाणी वाहणे व दम्याचा त्रास बळावणे हे प्रकारही आढळतात.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. पहिल्या संपर्कात बहुधा काहीच होत नाही. त्यामुळे 'आम्ही वर्षानुवर्षे हातानेच उपटतो, काही होत नाही' असे सांगितले जाते. परंतु ही ॲलर्जी संपर्काच्या पुनरावृत्तीतूनच जडते आणि एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. याचा सर्वाधिक धोका कोणास, हे उघड आहे. खुरपणी व निंदणीचे काम आपल्याकडे प्रामुख्याने शेतमजूर स्त्रिया करतात. उघड्या हातांनी, वाकून, चेहरा झाडांच्या जवळ नेऊन हे काम होते. ज्या स्त्रीच्या हातांना व चेहऱ्याला हा विकार जडतो, तिची मजुरीच बुडते. कारण शेतात जाणे हाच तिच्यासाठी संपर्क असतो. गाजरगवताच्या हानीचा हिशेब पिकाच्या उत्पादनातील घटीपुरता मर्यादित ठेवला, तर ही किंमत कोठेही नोंदली जात नाही.

८. नियंत्रणाचे मार्ग :

(अ) उपटणे : मुळासकट उपटणे हा खात्रीचा उपाय आहे, मात्र तो फुलोऱ्यापूर्वीच. उगवणीनंतर चार ते सहा आठवड्यांत फुले येऊ लागतात. जूनच्या मध्यास उगवलेले रोप जुलैअखेर फुलते. याउलट आपल्या श्रमदान मोहिमा १५ ऑगस्ट, २४ सप्टेंबरचा राष्ट्रीय सेवा योजना दिन किंवा २ ऑक्टोबर या तारखांना होतात. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने पाळला जाणारा गाजरगवत जागृती सप्ताहही १६ ते २२ ऑगस्ट या काळात असतो. जनजागृतीसाठी तो उपयुक्त आहे, परंतु जालन्यासारख्या जिल्ह्यात पहिल्या पावसाची रोपे तोवर फुललेली असतात. फुललेली झाडे उपटून ढीग लावला की बिया तेथेच गळतात, आणि तोच ढीग गाडीतून वाहून नेला की त्या वाटेवर पेरल्या जातात. श्रम करूनही तण न हटण्याचे मुख्य कारण हेच होय. मोहिमेचा दिवस दिनदर्शिकेवरून नव्हे, तर रोपाच्या अवस्थेवरून ठरला पाहिजे. जुलैचा पहिला पंधरवडा आणि परतीच्या पावसानंतरची दुसरी उगवण, या दोन वेळा त्यासाठी योग्य ठरतात.

(आ) मेक्सिकन भुंगा : बंगळूर येथील भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलरेटा हा भुंगा आणला व आवश्यक चाचण्यांनंतर १९८४ मध्ये तो निसर्गात सोडण्यात आला. याच्या अळ्या व प्रौढ भुंगे दोन्ही गाजरगवताची पाने खातात. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर आढळल्याने वाद निर्माण झाला व तज्ज्ञांच्या समितीमार्फत चौकशी झाली. गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर साचल्याने भुंगे तिकडे आकृष्ट होतात, असे संशोधनात दिसून आले. भुंग्याची पिढी सूर्यफुलावर वाढत नाही. दोन्ही वनस्पती एकाच कुलातील असल्याने ही शंका अस्थानी नव्हती, आणि तिचे निरसन प्रयोगाने झाले, हे विशेष. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या भुंग्यांच्या प्रसारास हातभार लावला आहे. मात्र हा भुंगा हिवाळ्यात व उन्हाळ्यात जमिनीत सुप्तावस्थेत जातो. पावसाळ्यात चांगला ओलावा झाल्यावरच तो बाहेर येतो. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी त्याचा प्रभाव मर्यादित राहतो. ज्या जागी भुंगे सोडले असतील तेथे तणनाशक फवारू नये.

(इ) स्पर्धक वनस्पती : टाकळा, म्हणजेच आपल्याकडील तरोटा, पावसाच्या आरंभी दाट उगवतो व गाजरगवतास वाढू देत नाही. त्याचे बी हिवाळ्याच्या तोंडी गोळा करून पावसापूर्वी मोकळ्या जागांवर टाकावे. तरोट्याची कोवळी पाने भाजीसाठी वापरली जातात, हा त्याचा अधिकचा लाभ. कॅसिया युनिफ्लोरा ही वनस्पतीही असे काम करते. परंतु ती स्वतः अमेरिकेतून आलेली व वेगाने पसरणारी असल्याने तिचा हेतुपुरस्सर प्रसार विचारपूर्वक करावा.

(ई) तणनाशके : मेट्रिब्युझिन, २,४-डी, ग्लायफोसेट यांचा वापर सुचविला जातो. तथापि कपाशी २,४-डीला अत्यंत संवेदनशील आहे. बांधावर फवारलेल्या या द्रव्याचा वाऱ्याने आलेला अंशही शेजारच्या कपाशीची पाने विकृत करतो. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध जाहीर केले. म्हणून रासायनिक उपाय अपवादात्मक मानावा. मिठाचे तीव्र द्रावण भिंतीच्या फटी वा फरसबंदीपुरते ठीक आहे. शेतात ते जमीन बिघडवते.

(उ) कंपोस्ट : फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या रोपांपासून उत्तम कंपोस्ट होते. फुललेली झाडे नीट न कुजवता खड्ड्यात टाकल्यास तेच खत शेतात बी पसरविते.

९. महाविद्यालयांची भूमिका :

शेतातील तण शेतकरी काढतोच. परंतु रस्त्याची कडा, शासकीय आवार व ओसाड भूखंड यांचे तण कोणाचेच नसते. शेतात पुन्हा बी येते ते याच जागांवरून. महाविद्यालयाचे आवार हे निदान एका संस्थेच्या ताब्यातील निश्चित क्षेत्र आहे. पुढील गोष्टी तेथे सहज शक्य आहेत : जूनअखेर आवाराचा नकाशा करून उगवणीच्या जागा नोंदविणे, जुलैत फुलोऱ्यापूर्वी व पुन्हा ऑक्टोबरमध्ये उपटणी करणे, रिकाम्या झालेल्या जागी तरोटा वा स्थानिक गवते लावणे, आणि सलग तीन ते चार वर्षे त्याच जागांची नोंद ठेवणे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र या विभागांना यातून एकत्रित प्रकल्प मिळू शकतो. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शनही घेता येईल.

स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र प्राध्यापकांची आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व तोंडावर रुमाल यांविना विद्यार्थ्यांना हे काम देऊ नये. त्वचाविकार वा दम्याचा त्रास असलेल्यांना वगळावे. काम संपल्यावर हात-पाय साबणाने धुवावेत व कपडे वेगळे धुवावेत. उपटणी ओलसर जमिनीत, सकाळी करावी.

१०. निष्कर्ष :

(१) पार्थेनियम प्रजातीतील एकच जाती आपल्याकडे तण म्हणून पसरली आणि तिचे सामर्थ्य अल्प जीवनक्रम, विपुल बीजनिर्मिती व ऋतुनिरपेक्ष उगवण यांत आहे. (२) पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर ती प्रथम आली, हा समज कालक्रमाशी जुळत नाही. (३) जालना जिल्ह्यात कापूस व तूर या पिकांच्या दृष्टीने बांधावरील गाजरगवत हे कीड-रोगांचे आश्रयस्थान म्हणून विशेष घातक आहे. (४) आरोग्यावरील परिणामाचा सर्वाधिक भार शेतमजूर स्त्रियांवर पडतो व तो हिशेबात येत नाही. (५) कोणताही एक उपाय पुरेसा नसून फुलोऱ्यापूर्वीची उपटणी, भुंगा व स्पर्धक वनस्पती यांची सांगड आवश्यक आहे.

मातीतील बियांचा साठा एका वर्षात संपत नाही. म्हणून एका दिवसाच्या मोठ्या मोहिमेपेक्षा चार वर्षांचे लहान परंतु वेळेवर केलेले काम अधिक परिणामकारक ठरेल. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी येत्या जुलैपासून आपापल्या आवारापुरता हा प्रयोग आरंभला, तरी बांधापलीकडच्या शेतकऱ्यास दाखविण्याजोगे एक उदाहरण तयार होईल.